द्रवस्फटिकाच्या साच्यात पॉलिमर घडवताना मूळची रचना का टिकत नाही?

अणुरेणू

नमस्कार. सर्फॅक्टंट (साबणासारखा, एक टोक पाण्याकडे आणि दुसरे तेलाकडे ओढा असलेला पदार्थ) आणि पाणी योग्य प्रमाणात मिसळले की सर्फॅक्टंटचे रेणू आपोआप एकत्र येऊन दंडगोल, थर किंवा त्याहून गुंतागुंतीच्या रचना करतात आणि लायोट्रॉपिक (द्रावकाच्या प्रमाणावर अवलंबून असलेला) द्रवस्फटिक, म्हणजे रेणूंची शिस्तबद्ध मांडणी असलेला द्रव, तयार होतो. त्यातल्या पाण्याच्या भागात मोनोमर (लहान सुटे रेणू) विरघळवून तिथेच त्याचे पॉलिमर (लांब साखळ्या) केले, की द्रवस्फटिकाच्या रचनेचा ठसा पॉलिमरवर उमटावा आणि सर्फॅक्टंट धुऊन काढल्यावर काही नॅनोमीटर रुंदीच्या एकसारख्या छिद्रांचे जाळे हाती यावे, अशी या पद्धतीमागची कल्पना आहे. कल्पना मला पटते, पण प्रयोगात दिसणारी गोष्ट तिच्याशी जुळत नाही.

मी वजनाने सुमारे निम्मे नॉन-आयॉनिक (विद्युतभार नसलेले) सर्फॅक्टंट आणि उरलेल्या भागात पाणी, पीईजी-डायॲक्रिलेट हा मोनोमर व थोडे फोटोइनिशिएटर (प्रकाशाने अभिक्रिया सुरू करणारा पदार्थ) असे मिश्रण घेतो. दोन काचांमध्ये दाबून ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर षट्कोनी प्रावस्थेत (दंडगोल षट्कोनी मांडणीत रचलेल्या अवस्थेत) अपेक्षित असलेली पंख्यासारखी नक्षी सगळीकडे स्वच्छ दिसते. अतिनील दिवा लावल्यावर पंख्यांच्या कडा आधी पुसट होतात, मग मधूनमधून काळे ठिपके उगवतात, ते वाढत जाऊन एकमेकांत मिसळतात आणि शेवटी नमुना दुधी होतो. काही ठिकाणी पंखे शिल्लक राहतात, पण ते तुरळकच.

सिलिकाच्या (वाळू आणि काच यांतल्या सिलिकॉन ऑक्साइडच्या) बाबतीत हीच कल्पना इतकी यशस्वी ठरली असताना पॉलिमरच्या बाबतीत ती अशी का अडते? साचा आधीपासून तयार असेल, तर त्यात भरलेला पदार्थ घट्ट होताना साचाच का मोडावा? ज्यांनी हे काम जवळून केले आहे त्यांनी कारण समजावून सांगावे, ही विनंती.

मृदुद्रव्य

आपण केलेले निरीक्षण अगदी नेमके आहे आणि उत्तराचा बराचसा भाग त्यातच आहे. काळे ठिपके उगवतात, वाढतात आणि एकमेकांत मिसळतात, हे प्रावस्था वेगळ्या होत असल्याचे लक्षण आहे. म्हणजे साच्याला जागच्या जागी तडा गेलेला नाही. सर्फॅक्टंट आणि नव्याने तयार होणारे पॉलिमर एकमेकांपासून दूर सरकत आहेत.

आधी सिलिकाबद्दल लिहितो, कारण तुलना तिथूनच सुरू होते. मोबिल कंपनीच्या संशोधकांनी १९९२ मध्ये एमसीएम-४१ हा सच्छिद्र सिलिका पदार्थ प्रसिद्ध केला, तेव्हा षट्कोनी छिद्रांची रचना पाहून द्रवस्फटिकाचा साचा ही संकल्पना पुढे आली. परंतु त्यांच्या द्रावणात सर्फॅक्टंटचे प्रमाण बहुतेक वेळा इतके कमी होते, की नुसत्या पाण्यात द्रवस्फटिक तयारच झाला नसता. धनभारित सर्फॅक्टंट आणि ऋणभारित सिलिकेट एकमेकांना ओढून घेतात आणि दोघे मिळूनच ती रचना उभी करतात, ही गोष्ट पुढे स्पष्ट झाली. आधीपासून तयार असलेल्या द्रवस्फटिकातच सिलिका घडवण्याचे काम अटर्ड, ग्लाइड आणि गोल्टनर यांनी १९९५ मध्ये दाखवले, आणि त्यात नॉन-आयॉनिक सर्फॅक्टंट जवळपास निम्म्या वजनाचे होते. आपली कृती या दुसऱ्या प्रकाराशी जवळची आहे.

आता पॉलिमरकडे येऊ. माझ्या मते सगळ्या अडचणींचे मूळ एकच आहे: इथला साचा मुळात कडक नाही. तो पाणी, सर्फॅक्टंट आणि मोनोमर यांच्यातल्या क्षीण बलांच्या समतोलावर उभा आहे, आणि मोनोमरचे पॉलिमर होणे म्हणजे त्या समतोलातला एक भागीदारच बदलणे. प्लास्टरच्या साच्यात ओतलेल्या पदार्थाला साच्याशी काही देणेघेणे नसते; इथे मात्र ओतलेला पदार्थ हाच साच्याचा एक घटक आहे.

हा बदल नेमका कसा होतो ते पाहा. मोनोमरचे लहान रेणू सर्वत्र विखुरलेले असतात तेव्हा त्यांच्या विखुरण्यातून मिळणारी एन्ट्रॉपी (मांडणीचे स्वातंत्र्य) मोठी असते आणि तीच मिश्रण एकजीव ठेवायला मदत करते. शेकडो मोनोमर एका साखळीत बांधले गेले, की स्वतंत्रपणे फिरणाऱ्या रेणूंची संख्या एकदम घटते आणि ही एन्ट्रॉपी जवळजवळ नाहीशी होते. मग पॉलिमर आणि सर्फॅक्टंट यांच्यात थोडीशी जरी नावड असली, तरी ती त्यांना वेगळे करायला पुरते. त्यात लांबीच्या मापांचा प्रश्न आहेच. षट्कोनी प्रावस्थेत शेजारच्या दंडगोलांमधली पाण्याची फट साधारण एक ते तीन नॅनोमीटरची असते, आणि मोकळ्या द्रावणात लांब साखळीचे वेटोळे सहज दहा नॅनोमीटर किंवा त्याहून मोठे होते. अशा फटीत कोंबून राहणे साखळीला परवडत नाही. ती दंडगोलांना बाजूला सारते किंवा स्वतः जागा मोकळी असेल तिकडे सरकते.

सिलिकाला या गोष्टी फारशा नडत नाहीत. तिथे लांब, लवचीक साखळ्या नसतात. छोटे छोटे सिलिकेट घटक सर्फॅक्टंटच्या जलस्नेही टोकांना बिलगून बसतात, एकमेकांना चहूबाजूंनी जोडले जातात आणि काचेसारखी ताठ भिंत उभी राहते. भिंत ताठ झाली की मागाहून समतोल कितीही बदलला, तरी ती हलत नाही.

यावरून उपायाची दिशा समजते. पॉलिमर आणि सर्फॅक्टंट दीर्घकाळ एकत्र राहावेत अशी स्थिती बहुधा मिळतच नाही. म्हणून ते वेगळे होण्यापूर्वी जाळे इतके घट्ट व्हायला हवे, की कुणाला हलायला वाव राहू नये. ही वेगाची शर्यत आहे. एकीकडे रेणू सरकण्याचा वेग, दुसरीकडे जाळे बांधले जाण्याचा वेग. आयोवा विद्यापीठातल्या ॲलन गायमन यांच्या गटाने याच प्रश्नावर दीर्घकाळ काम केले आहे, आणि प्रकाशाने सुरू होणारी अभिक्रिया जितकी जलद, तितकी मूळची रचना अधिक टिकते, असे त्यांच्या प्रयोगांतून दिसले. उष्णतेने चालणाऱ्या सावकाश अभिक्रियेऐवजी अतिनील प्रकाश निवडण्याचे मुख्य कारण हेच आहे, आणि प्रकाश वापरल्याने तापमान आपल्या मर्जीप्रमाणे ठेवता येते, हा आणखी एक फायदा.

आपल्या कृतीत मी पुढील गोष्टी तपासून पाहिल्या असत्या. मिश्रणात विरघळलेला ऑक्सिजन अभिक्रिया पुढे नेणाऱ्या मुक्त मूलकांना गिळतो, त्यामुळे सुरुवातीचा काही काळ अभिक्रिया रेंगाळते. नायट्रोजनखाली काम केले तर हा रेंगाळ कमी होतो. दिव्याची तीव्रता वाढवावी, पण नमुना पातळ ठेवावा, कारण ॲक्रिलेटच्या एका गटामागे मोलला सुमारे ८० किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. जाड नमुन्यात तेवढ्याने तापमान इतके चढू शकते, की द्रवस्फटिक वितळून साधा द्रव होईल. अशा वेळी मोडतोड पॉलिमरमुळे झाली की उष्णतेमुळे, हे सांगता येत नाही. पीईजी-डायॲक्रिलेटची साखळी किती लांब आहे, तेही पाहावे. लांब साखळीचे दोन टोकांचे रेणू सैल जाळे विणतात, आखूड साखळीचे घट्ट विणतात. मात्र साखळी फार आखूड झाली तर रेणूचा पाण्यातला ओढा कमी होऊन तो सर्फॅक्टंटच्या तेलकट गाभ्याकडे झुकू लागतो आणि मग आपण गृहीत धरलेली जागाच बदलते.

शेवटचा मुद्दा सर्वांत जास्त निसटतो. फक्त पाणी आणि सर्फॅक्टंट यांच्या प्रावस्थाचित्रावर (कोणत्या प्रमाणाला कोणती प्रावस्था, हे दाखवणाऱ्या आलेखावर) विसंबून प्रमाण ठरवू नये. पीईजीचे रेणू पाण्यालाच आपल्याकडे खेचतात, त्यामुळे सर्फॅक्टंटच्या वाट्याला येणारे पाणी कमी होते आणि षट्कोनी प्रावस्थेची सीमा सरकते. मिश्रण त्या सीमेच्या अगदी कडेला असेल, तर अभिक्रियेत होणारा थोडासा बदलही त्याला पलीकडे ढकलायला पुरेसा असतो. म्हणून मोनोमर घातलेल्या मिश्रणाचेच प्रावस्थाचित्र काढावे आणि षट्कोनी पट्ट्याच्या मधोमध असलेले प्रमाण घ्यावे.

क्ष-रेषा

मृदुद्रव्य यांनी कारणे उत्तम मांडली आहेत. मी फक्त मोजमापाविषयी लिहितो, कारण रचना टिकली की मोडली याचा निकाल डोळ्यांनी किंवा केवळ सूक्ष्मदर्शकाने लावणे मला धोक्याचे वाटते.

नमुना दुधी झाला म्हणजे प्रकाश विखुरण्याइतके, म्हणजे काहीशे नॅनोमीटर मापाचे, वेगवेगळे भाग तयार झाले आहेत. त्या प्रत्येक भागाच्या आत षट्कोनी रचना शाबूत असू शकते. उलट, नमुना पारदर्शक राहिला म्हणून रचना राहिलीच असेही नाही. सगळे विस्कटून एकसारखे झाले तरी तो पारदर्शकच दिसेल. ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाचीही मर्यादा आहे. घनीय प्रावस्था सर्व दिशांना सारखी असल्याने ती तिथे पूर्ण काळी दिसते, म्हणजे साध्या द्रवाइतकीच काळी. आपल्या नमुन्यातले काळे भाग साधा द्रव आहेत की षट्कोनीचे रूपांतर होऊन झालेली घनीय प्रावस्था आहे, हे त्या चित्रावरून कळणार नाही. सुई टोचून पाहिली तर घनीय प्रावस्था घट्ट जेलसारखी लागते, पण जाळे बांधले गेल्यानंतर हाही पुरावा राहत नाही.

म्हणून लहान कोनातल्या क्ष-किरण विकिरणाचा आधार घ्यावा. त्याच्या आलेखात शिखरांची स्थाने अंतराच्या व्यस्तात मोजतात. षट्कोनी रचनेत ती १ : √३ : २ या प्रमाणात येतात, थरांच्या रचनेत १ : २ : ३ अशी येतात, आणि जायरॉइड या घनीय रचनेत पहिली दोन शिखरे √३ : √४ या प्रमाणात, म्हणजे एकमेकांच्या फार जवळ, येतात. उदाहरणार्थ, पहिले शिखर ५.० नॅनोमीटर अंतराचे असेल, तर षट्कोनी रचनेसाठी पुढची शिखरे सुमारे २.८९ आणि २.५० नॅनोमीटरला दिसली पाहिजेत, आणि शेजारच्या दोन दंडगोलांच्या केंद्रांमधले अंतर पहिल्या अंतराला २/√३ ने गुणून ५.७७ नॅनोमीटर निघेल.

अभिक्रियेनंतर एकच रुंद शिखर उरले असेल, तर त्यावरून षट्कोनी रचना टिकली असा दावा करू नये. त्या एका शिखराचा अर्थ एवढाच, की काहीतरी ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येत आहे. प्रकाशित निबंधांतही असा उदार अर्थ लावलेला आढळतो आणि त्याचे मला वाईट वाटते, कारण नवीन काम करणारा त्याच्यावर विसंबून पुढची इमारत बांधतो. शक्य असेल तर एकाच नमुन्याची मापे तीनदा घ्यावीत: दिवा लावण्यापूर्वी, अभिक्रिया संपल्यावर, आणि सर्फॅक्टंट धुतल्यावर. दुसऱ्या आणि तिसऱ्या मापांत फरक पडला, तर अडचण अभिक्रियेत नसून धुण्यात किंवा वाळवण्यात आहे, हे लगेच कळते.

आणखी एक बारीक गोष्ट. दोन काचांमधला नमुना कडेने वाळत असतो. पाणी दोन-तीन टक्क्यांनी घटले तरी सीमेवरचे मिश्रण दुसऱ्या प्रावस्थेत जाऊ शकते. कडा सीलबंद करून, दिवा न लावता, तितकाच वेळ ठेवलेला एक नमुना सोबत पाहावा.

अणुरेणू

दोघांचेही मनापासून आभार. शर्यतीची कल्पना ध्यानात आली, आणि माझे प्रमाण सर्फॅक्टंट-पाणी चित्रावरूनच ठरवलेले असल्यामुळे प्रावस्थाचित्राची सूचना मला तातडीने अमलात आणावी लागेल. वाचताना एक प्रश्न मात्र उभा राहिला. पॉलिमर आणि सर्फॅक्टंट वेगळे होतात हीच मुख्य अडचण असेल, तर सर्फॅक्टंटच्या रेणूलाच दुहेरी बंध जोडून त्याचे पॉलिमर का करू नये? मग वेगळे व्हायला कुणी उरणारच नाही.

मृदुद्रव्य

तसे केले जाते, आणि आजवरचे सर्वांत नेटके नमुने त्याच मार्गाने मिळाले आहेत, असे माझे मत आहे.

कोलोरॅडो विद्यापीठातल्या डग्लस जिन यांच्या गटाने अशा रेणूंवर अनेक वर्षे काम केले. त्यांच्या रेणूंना एका बाजूला आयनी जलस्नेही टोक असते, दुसऱ्या बाजूला लांब जलद्वेषी शेपट्या असतात, आणि शेपट्यांमध्ये प्रकाशाने किंवा मूलकांनी एकमेकांना जोडले जाणारे गट बसवलेले असतात. पाण्यात ते आपापल्या जागी लागले की शेजाऱ्याशेजाऱ्यांचे बंध जुळवायचे. इथे सर्फॅक्टंट धुऊन काढण्याचा प्रश्नच येत नाही. साचा हाच अंतिम पदार्थ होतो आणि पाण्याच्या वाटा ही त्याची छिद्रे होतात. या पद्धतीने त्यांनी जायरॉइडसारख्या, दोन्ही बाजूंनी अखंड असलेल्या घनीय प्रावस्थेतून सुमारे ०.७५ नॅनोमीटर छिद्रांचे पटल तयार करून ते पाण्यातले क्षार व लहान रेणू गाळण्यासाठी वापरून दाखवले.

घनीय प्रावस्थाच का, याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. षट्कोनी प्रावस्थेतल्या वाटा सरळ नळ्यांसारख्या असतात आणि नमुन्यात त्यांचे असंख्य छोटे कप्पे वेगवेगळ्या दिशांना तोंड करून असतात. एका कप्प्यातली नळी शेजारच्या कप्प्याच्या सीमेवर जाऊन अडली, की पाण्याला पुढे वाट राहत नाही. सगळे कप्पे पटलाला लंब अशा एकाच दिशेला वळवायचे, तर चुंबकीय क्षेत्र, थर एकमेकांवरून सरकवणारा प्रवाह किंवा पृष्ठभागाची खास तयारी करावी लागते, आणि मोठ्या क्षेत्रफळावर ते साधणे कष्टाचे असते. जायरॉइडमधल्या वाटा तिन्ही दिशांना एकमेकींना जोडलेल्या असल्याने कप्पा कोणत्याही दिशेला तोंड करून असला तरी पाणी पार जाते. गाळणीच्या दृष्टीने हा फार मोठा फायदा आहे. अडचण अशी, की प्रावस्थाचित्रात जायरॉइडचा पट्टा बहुधा अरुंद असतो, त्यामुळे प्रमाण आणि तापमान काटेकोरपणे सांभाळावे लागते.

याची किंमतही आहे. असा प्रत्येक रेणू प्रयोगशाळेत अनेक पायऱ्यांनी बनवावा लागतो, आणि त्याला दुहेरी बंधाचा गट जोडला की त्याची मूळची मांडणी तशीच राहील याची खात्री नसते. शेपटीच्या टोकाला बसवलेला एक ध्रुवीय गटसुद्धा प्रावस्था बदलून टाकतो. आपल्यासाठी मधला मार्ग अधिक सोयीचा आहे: नेहमीचेच सर्फॅक्टंट ठेवावे आणि त्यातला थोडा भाग तशाच आकाराच्या, पण अभिक्रिया करणाऱ्या सर्फॅक्टंटने बदलावा. हे रेणू अर्धे गाभ्यात आणि अर्धे जाळ्यात रुजतात आणि दोन्ही भागांना एकमेकांशी बांधून ठेवतात. गायमन यांच्या गटाने हाही मार्ग वापरून पाहिला असून रचना टिकण्यास त्याची मदत होते, असे त्यांना आढळले.

कोलाइड

चर्चा फार चांगली चालली आहे. पण सगळे बोलणे पाणी आणि सर्फॅक्टंट यांच्याभोवतीच फिरते आहे, म्हणून थोडे दुसऱ्या बाजूचेही मांडतो. तापमानावर अवलंबून असलेले, म्हणजे थर्मोट्रॉपिक, द्रवस्फटिकही साचा म्हणून वापरता येतात, आणि तिथे मुद्दा छिद्रांपेक्षा दिशेचा असतो. द्रवस्फटिकात पॉलिमर वाढवताना त्याने कोणत्या दिशेने आणि किती पिळाने वाढावे, हे भोवतालचे रेणू ठरवतात.

काझुओ अकागी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे १९९८ चे काम मला या संदर्भात पायाभूत वाटते. त्यांनी पिळदार, म्हणजे कायरल नेमॅटिक, द्रवस्फटिकालाच द्रावक म्हणून घेतले, त्यात झिग्लर-नाट्टा उत्प्रेरक मिसळला आणि वरून ॲसिटिलीन वायू सोडला. तयार झालेल्या पॉलिॲसिटिलीनचे तंतू मळसूत्रासारखे पिळलेले निघाले, आणि पीळ डावा की उजवा हे द्रवस्फटिकात घातलेल्या कायरल पदार्थाच्या डावे-उजवेपणाने ठरले. ॲसिटिलीनच्या रेणूला स्वतःला डावे-उजवे काहीच नसते, आणि तरीही त्याच्या पॉलिमरमध्ये पीळ आला, हे मला अजूनही विलक्षण वाटते.

दुसरे उदाहरण २०१८ मधले आहे. यॉर्ग लाहान आणि निकोलस ॲबट यांच्या गटांनी पृष्ठभागावर द्रवस्फटिकाचा पातळ थर पसरला आणि त्यावर पॅरासायक्लोफेनपासून उष्णतेने तयार केलेली वाफ सोडली. वाफेतले क्रियाशील रेणू थरात शिरून पृष्ठभागाला चिकटलेले तंतू वाढवत गेले. नेमॅटिक (रेणू एकाच दिशेला लागलेल्या) थरात तंतू सरळ उभे राहिले, पिळदार थरात तेही पिळले गेले, आणि तंतूंची लांबी थराच्या जाडीने ठरली. त्यानंतर द्रवस्फटिक द्रावकाने धुऊन टाकला, की पृष्ठभागावर तंतूंची दाट लव उरते. इथे द्रवस्फटिकाचा थर हा वाढीचे माध्यम आहे. मोनोमर आधीपासून मिश्रणात नसून बाहेरून थोडाथोडा येत राहतो, म्हणून समतोल एकाएकी ढळण्याचा प्रश्न वेगळ्या रीतीने सुटतो. अणुरेणू यांच्या मूळ प्रश्नाच्या दृष्टीने हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो.

सेल्युलोजच्या नॅनोस्फटिकांचाही उल्लेख करावासा वाटतो. सल्फ्युरिक आम्लाने सेल्युलोजपासून मिळणाऱ्या या सूक्ष्म काड्या पाण्यात विशिष्ट संहतीच्या वर आपोआप पिळदार रचनेत लागतात. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या मार्क मॅक्लाक्लन यांच्या गटाने २०१० मध्ये त्या रचनेची सिलिकातली प्रतिकृती दाखवली आणि पुढे फिनॉल-फॉर्माल्डिहाइड रेझिनमध्येही ती उतरवली. सेल्युलोज काढून टाकल्यावर उरलेले रेझिन लवचीक आणि रंगीत असते, आणि द्रावकात फुगले की पिळाचे अंतर वाढून त्याचा रंग बदलतो. इथला साचा घन काड्यांचा असल्यामुळे तो सर्फॅक्टंटच्या साच्याइतका सहज विस्कटत नाही, हेही लक्षात घ्यावे.

मृदुद्रव्य यांच्या मांडणीत मी एक सुधारणा सुचवीन. मोनोमर हाच द्रवस्फटिक असेल, तर एन्ट्रॉपीचे नुकसान झाले तरी रचना टिकते, कारण वेगळे व्हायला दुसरा घटकच नसतो. डिक ब्रूअर यांनी १९८० च्या दशकापासून अशा डायॲक्रिलेट मोनोमरवर जे काम केले, त्याचे यश इथेच आहे. पुढे याच मार्गाने छिद्रेही मिळवता आली: बेन्झॉइक आम्लाचे दोन रेणू हायड्रोजन बंधांनी जोडीने राहतात आणि थरांची स्मेक्टिक प्रावस्था करतात, बाजूची टोके पॉलिमरमध्ये पक्की बांधायची आणि मग अल्कलीने मधले हायड्रोजन बंध तोडायचे. थरांमध्ये सुमारे एक नॅनोमीटरच्या फटी उघडतात आणि त्यांच्या भिंतींवर ऋणभारित गट राहतात, त्यामुळे त्या धनभारित रेणू निवडून पकडतात. धुऊन काढायला वेगळा साचा नाही आणि तरीही छिद्रे आहेत.

अणुरेणू

कोलाइड यांनी दाखवलेली दिशा मला अगदी नवीन होती. सध्या मात्र माझा नमुना जेलसारखाच असल्याने एक शेवटची शंका विचारतो. समजा, अभिक्रियेनंतर षट्कोनी शिखरे व्यवस्थित मिळाली. तर सर्फॅक्टंट धुतल्यानंतर नमुना वाळवून मोजावा की ओलाच? आणि जेलमध्ये अशी छिद्रे राहतात, याचा प्रत्यक्ष उपयोग दिसला आहे का?

क्ष-रेषा

ओलाच मोजावा, आणि निदान पहिल्या फेरीत तरी वाळवण्याच्या भानगडीत पडू नये. त्यामागचा हिशेब सांगतो. वाळताना छिद्रातल्या पाण्याची वक्र कड भिंतींना आत ओढते, आणि हा दाब पृष्ठताणाच्या दुपटीला छिद्राच्या त्रिज्येने भागून येतो. पाण्याचा पृष्ठताण मीटरला सुमारे ०.०७२ न्यूटन आणि त्रिज्या २ नॅनोमीटर घेतली, तर दाब ७२ मेगापास्कल येतो, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या जवळजवळ सातशेपट. इतक्या लहान मापावर हे सूत्र पूर्णपणे लागू पडेलच असे नाही, पण दाबाची पातळी त्यावरून समजते. सिलिकाची भिंत हा दाब सोसते, आणि दाट बांधलेले ताठ पॉलिमरही बऱ्याच अंशी सोसते. पाण्याने फुगलेले पीईजीचे जाळे मात्र त्यापुढे टिकत नाही आणि छिद्रे मिटतात. सिलिकाप्रमाणे नमुना ५०० अंशांच्या वर तापवून सर्फॅक्टंट जाळून टाकण्याचा मार्गही इथे बंद आहे, कारण पॉलिमरही त्याबरोबर जाईल.

धुताना पाणी आणि इथेनॉल यांच्या मिश्रणात नमुना बरेचदा बदलून ठेवावा आणि प्रत्येक वेळी धुवण जपून ठेवून त्यात सर्फॅक्टंट उतरते का ते पाहावे. पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी कोरडाच नमुना हवा असेल, तर पाण्याच्या जागी हळूहळू इथेनॉल आणावे, कारण त्याचा पृष्ठताण पाण्याच्या साधारण तिसऱ्या हिश्शाइतका आहे. त्याहून चांगले म्हणजे इथेनॉलच्या जागी द्रव कार्बन डायऑक्साइड आणून तो ३१ अंश सेल्सिअस आणि ७४ बार या क्रांतिक बिंदूच्या पलीकडे नेऊन सोडावा. तिथे द्रव आणि वायू यांच्यात सीमाच उरत नाही, म्हणून ओढणारी वक्र कडही राहत नाही.

उपयोगाचे चांगले उदाहरण पॉली-एन-आयसोप्रोपिलॲक्रिलामाइडचे आहे. पाण्यात फुगलेले हे जेल सुमारे ३२ अंशांच्या वर गेले की पाणी सोडून आकसते, पण साध्या जेलमध्ये वरची कातडी आधी आकसून घट्ट होते आणि आतले पाणी कोंडले जाते. लायोट्रॉपिक साच्यात घडवलेल्या त्याच पॉलिमरमधून पाणी पुष्कळ लवकर बाहेर पडते, कारण त्याला बाहेर यायला आतपर्यंत वाटा असतात. अशा आकसण्याच्या वेगासाठी नमुना वाळवावा लागत नाही. पाण्याच्या भांड्याचे तापमान बदलावे आणि ठरावीक वेळाने नमुना टिपून वजन करावे, एवढे पुरते. साच्याविना, तेवढ्याच मोनोमरपासून केलेल्या जेलशी तुलना मात्र त्याच जाडीच्या चकत्या घेऊन करावी, कारण जाडी बदलली की पाण्याला तोडावे लागणारे अंतर बदलते आणि वेगातला फरक रचनेमुळे आला की जाडीमुळे, हे ठरवता येत नाही.